प्रोटीन क्रिस्टल क्रॉसलिंक करायचेत? ग्लुटराल्डिहाइडची वाफ पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

दीड-दोन महिने थांबून एकदाचे क्रिस्टल येतात, छान धारदार कडांचे, आणि मग लिगँड (प्रोटीनला चिकटणारा छोटा रेणू) आत घालायला म्हणून आपण अर्धा मायक्रोलिटर सोल्युशन ड्रॉपमध्ये सोडतो आणि मायक्रोस्कोपखाली डोळ्यादेखत क्रिस्टलला आडवी चीर पडते, मग दुसरी, मग मिनिटभरात सगळा भुगा. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना तेव्हा पोटात कसं होतं ते सांगायला नको. क्रॉसलिंकिंग, म्हणजे क्रिस्टलमधले शेजारचे रेणू रसायनाने एकमेकांना बांधणं, हा त्यावरचा एक खरा, जुना आणि स्वस्त उपाय आहे, पण नवीन मुलं एकतर त्याला फार घाबरतात नाहीतर एकदम जास्त करून ठेवतात, म्हणून सगळं पहिल्यापासून सविस्तर लिहितेय.

आधी क्रिस्टल म्हणजे काय ते नीट डोक्यात बसवा. खडीसाखरेचा खडा आणि प्रोटीनचा क्रिस्टल दिसायला सारखे वाटतात पण आतून काहीच सारखं नाही. प्रोटीन क्रिस्टलमध्ये बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास नुसतं पाणी असतं, आणि रेणू एकमेकांना फक्त थोड्या ठिकाणी, हलक्या हाताने टेकलेले असतात. १९३४ मध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिनचा क्रिस्टल मदर लिकरमध्ये (ज्या द्रावणात तो वाढला त्यात) ओलाच ठेवून एक्स-रे फोटो घेतला तेव्हा कुठे नीट डाग दिसले, कोरडा केला की रचनाच मोडायची. दहीहंडीचा थर आठवा. खालच्या थरातले गोविंदा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असतात, कुणी कुणाला बांधलेलं नसतं, म्हणून एकाचा पाय सरकला की अख्खा मनोरा खाली येतो. क्रॉसलिंकिंग म्हणजे त्या हातांना गाठ मारणं, पण गाठ मारताना कुणालाही जागेवरून हलवायचं नाही. घाईघाईत ओढून बांधलंत तर बांधतानाच मनोरा पडेल. या लेखात पुढे जे जे सांगतेय ते सगळं या एकाच गोष्टीसाठी आहे: हळू, आणि लागेल तेवढंच.

ही पद्धत नवीन नाहीये. येल विद्यापीठात क्विओचो आणि रिचर्ड्स यांनी १९६४ मध्ये कार्बॉक्सीपेप्टिडेज-ए या एन्झाइमचे क्रिस्टल ग्लुटराल्डिहाइडने बांधले, क्रिस्टल टिकले आणि एन्झाइम आत थोडंफार काम पण करत राहिलं. पण सोल्युशन थेट ड्रॉपमध्ये ओतलं की नाजूक क्रिस्टल तडकतात, ही अडचण होतीच. १९९९ मध्ये कॅरोल लस्टी यांनी वाफेची पद्धत मांडली, म्हणजे ग्लुटराल्डिहाइड ड्रॉपला लावायचंच नाही, शेजारी ठेवायचं आणि त्याची वाफ हळूहळू ड्रॉपमध्ये उतरू द्यायची. आज बहुतेक लॅबमध्ये हीच पद्धत चालते आणि मी पण हीच शिकवणार आहे.

कधी करायचं आणि कधी नाही

लिगँड सोक करताना, म्हणजे त्याच्या द्रावणात भिजवताना, क्रिस्टल फुटतोय, क्रायोप्रोटेक्टंटमध्ये (गोठवताना बर्फ होऊ न देणारं द्रव्य) टाकला की विरघळतोय, जास्त मिठातून कमी मिठात न्यायचाय, डीएमएसओ (एक द्रावक) जास्त लागतंय कारण लिगँड पाण्यात विरघळतच नाही, अशा वेळी क्रॉसलिंकिंग कामाला येतं. पण एक लक्षात घ्या, जो क्रिस्टल मुळातच ६ अँगस्ट्रॉमपर्यंत डिफ्रॅक्ट होतोय (आकडा जितका लहान तितका तपशील जास्त) तो क्रॉसलिंक करून २ वर येईल ही आशा ठेवू नका. रेणू जसे उभे आहेत तसेच ते बांधले जातात, वाकडे असतील तर वाकडेच. आणि आधी साधे उपाय करून बघा ना, लिगँडचं प्रमाण कमी करून पायऱ्यापायऱ्यांनी वाढवा, नाहीतर लिगँड प्रोटीनमध्ये आधीच मिसळून मग क्रिस्टल वाढवा. ते जमलं तर क्रॉसलिंकिंगची गरजच नाही.

केमिस्ट्री थोडक्यात, पण ही वगळू नका

ग्लुटराल्डिहाइड म्हणजे पाच कार्बनची छोटी साखळी, दोन्ही टोकांना आल्डिहाइड. ही टोकं मुख्यतः लायसिनच्या अमिनो ग्रुपला पकडतात. एक टोक एका रेणूच्या लायसिनला आणि दुसरं शेजारच्या रेणूच्या लायसिनला लागलं की झाली गाठ. प्रत्यक्षात बाटलीत हे द्रव्य एकाच रूपात नसतं, एकमेकांना जोडून लहान-मोठ्या साखळ्या तयार झालेल्या असतात, आणि ते एका अर्थी आपल्या फायद्याचंच आहे कारण दोन लायसिनमधलं अंतर कमी-जास्त असलं तरी कुठली ना कुठली साखळी पुरते.

म्हणून हातात पिपेट घ्यायच्या आधी दोन गोष्टी तपासा. एक, तुमच्या प्रोटीनच्या पृष्ठभागावर लायसिन आहेत का, आणि जवळच्या नातेवाईक प्रोटीनचं स्ट्रक्चर उपलब्ध असेल तर शेजारचे रेणू टेकतात तिथे जवळपास आहेत का. दोन, ॲक्टिव्ह साइटमध्ये, म्हणजे एन्झाइम जिथे काम करतं त्या जागी, लायसिन आहे का. पीएलपी (व्हिटॅमिन बी-६ पासून बनणारा मदतनीस रेणू) वापरणारी एन्झाइम, काही आल्डोलेज, यांचं कामच लायसिनवर चालतं, तिथे ग्लुटराल्डिहाइड जाऊन बसलं तर तुमचा लिगँड बाहेर उभा राहील आणि तुम्ही महिनाभर विचार करत बसाल की बाइंड का होत नाहीये.

तिसरी गोष्ट ड्रॉपमधल्या केमिकल्सची, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. ट्रिस बफरमध्ये अमिनो ग्रुप असतो. ग्लायसिनमध्ये असतो. अमोनियम सल्फेटमधला अमोनियम पण आल्डिहाइडशी रिॲक्ट होतो. म्हणजे तुम्ही वाफ दिलीत तरी ती आधी बफरलाच जाऊन चिकटते, प्रोटीनच्या वाट्याला उरतं काय? मी पहिल्यांदा केलं तेव्हा ड्रॉपमध्ये ट्रिस होता आणि मला कुणी सांगितलं नव्हतं, तीन वेळा वेळ वाढवून बघितला, तिन्ही वेळा क्रिस्टल पाण्यात टाकल्यावर सरळ विरघळले, आणि चांगले क्रिस्टल गेले ते गेलेच. तुमच्या कंडिशनमध्ये ट्रिस असेल तर त्याच पीएचचा हेपीस किंवा फॉस्फेट घेऊन नवीन मदर लिकर बनवा आणि क्रिस्टल त्यात दोन-तीनदा धुऊन घ्या. अमोनियम सल्फेट असेल तर लिथियम सल्फेट किंवा सोडियम मॅलोनेटकडे हळूहळू नेऊन बघा, एकदम उचलून टाकू नका. या बदलात क्रिस्टल टिकतो का हे एक-दोन वाईट दिसणाऱ्या क्रिस्टलवर आधी बघायचं, सगळ्यात सुंदर क्रिस्टल शेवटी.

आणि पीएच. लायसिनचा अमिनो ग्रुप आम्लात प्रोटॉन धरून बसतो आणि तसा असताना तो आल्डिहाइडशी सहज जुळत नाही, म्हणून पीएच ७-८ च्या ड्रॉपमध्ये काम लवकर होतं आणि पीएच ४-५ मध्ये वेळ लागतो. होतं पण हळू.

जिवाची काळजी

ग्लुटराल्डिहाइड साधं समजू नका. हॉस्पिटलमध्ये एंडोस्कोप निर्जंतुक करायला याचंच २ टक्क्यांच्या आसपासचं सोल्युशन वापरतात, आणि आपण वापरणार ते २५ टक्के. वास उग्र असतो, डोळे आणि घसा झोंबतो, कातडीला लागलं तर पिवळा-तपकिरी डाग पडतो, आणि वारंवार संपर्क आला तर काहींना कायमची ॲलर्जी किंवा दम्याचा त्रास सुरू होतो. बाटली फक्त फ्यूम हूडमध्येच उघडा, नायट्राइल ग्लोव्हज घाला, गॉगल घाला. उरलेलं सोल्युशन सिंकमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत जमा करून लॅबच्या केमिकल वेस्टमध्ये द्यायचं. टिप्स आणि टिश्यू पण त्यातच.

सरावाला लायसोझाइम घ्या

स्वतःचं महागाचं प्रोटीन पहिल्या दिवशी वापरू नका, माझी हात जोडून विनंती आहे. कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम स्वस्तात मिळतं, १४.३ किलोडाल्टनचं, १२९ अमिनो ॲसिडचं, त्यात ६ लायसिन. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने याचं स्ट्रक्चर काढलं, एन्झाइमचं ते पहिलंच. साठ वर्षं जगभरचे विद्यार्थी यावर हात साफ करतायत.

लायसोझाइम ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ४.६ मध्ये विरघळवा. चोवीस वेलच्या (छोट्या कप्प्यांच्या) प्लेटमध्ये रिझर्व्हॉयरला, म्हणजे वेलच्या तळाच्या द्रावणाला, त्याच बफरमध्ये ५ ते ८ टक्के सोडियम क्लोराइड, ५०० मायक्रोलिटर. कव्हरस्लिपवर २ मायक्रोलिटर प्रोटीन आणि २ मायक्रोलिटर रिझर्व्हॉयर, उलटं करून ग्रीसवर दाबून बसवा. वेगवेगळ्या टक्क्यांचे सहा वेल लावा म्हणजे एकात तरी हवे तसे येतील. एक-दोन दिवसांत क्रिस्टल दिसायला लागतात. ०.२ मिलिमीटरच्या आसपासचे चांगले, फार मोठे नकोत कारण मोठ्या क्रिस्टलच्या गाभ्यापर्यंत वाफ पोचायला वेळ लागतो आणि तोपर्यंत बाहेरचा थर जास्तच बांधला जातो.

आता प्रत्यक्ष वाफ

ग्लुटराल्डिहाइड २५ टक्के, शक्यतो नवीन बाटली, फ्रिजमधली. जुनी, पिवळट झालेली, तळाशी गढूळ दिसणारी बाटली बाजूला ठेवा, त्यात लांब साखळ्या जास्त आणि उडून जाणारं द्रव्य कमी, आणि आपल्याला तर वाफच हवीय. बरेच लोक थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून पीएच ३ च्या आसपास आणतात म्हणजे साखळ्या जुळायचं प्रमाण कमी राहतं. आणलंत तर मोजून आणा, ॲसिड जास्त झालं तर त्याची पण वाफ ड्रॉपमध्ये जाते.

एक नवीन वेल घ्या, त्यात तुमच्या ड्रॉपचंच रिझर्व्हॉयर सोल्युशन भरा. तेच का, तर ड्रॉप आणि रिझर्व्हॉयर यांच्यातला पाण्याचा तोल बिघडला तर ड्रॉप आटेल किंवा फुगेल आणि क्रिस्टल त्यानेच फुटेल, मग दोष मात्र ग्लुटराल्डिहाइडला देऊन मोकळं व्हाल. त्या वेलमध्ये मायक्रोब्रिज ठेवा, म्हणजे तो छोटा प्लास्टिकचा पूल ज्याच्या माथ्यावर खळगा असतो. माथा सोल्युशनच्या वर राहिला पाहिजे, बुडत असेल तर सोल्युशन थोडं कमी करा. खळग्यात २ ते ५ मायक्रोलिटर ग्लुटराल्डिहाइड ठेवा. वेलच्या कडेला ग्रीस लावा आणि जुन्या वेलवरून क्रिस्टलवाली कव्हरस्लिप अलगद उचलून याच्यावर आणून बसवा, फिरवून दाबा, ग्रीसमध्ये हवेची फट राहायला नको. घड्याळ सुरू करा. तापमान लिहा. प्लेट हलवू नका.

वेळ किती द्यायचा हा सगळ्यांचा पहिला प्रश्न, आणि एकच आकडा मी देणार नाही कारण तो ड्रॉपचा पीएच, ड्रॉपचा आकार, ब्रिज आणि ड्रॉपमधलं अंतर, क्रिस्टलची जाडी या सगळ्यावर ठरतो. पहिल्यांदा चार-पाच वेल लावा आणि एक १५ मिनिटांनी, एक अर्ध्या तासाने, एक तासाने, एक दोन तासांनी काढा, आणि लायसोझाइमसारखं आम्लातलं असेल तर एक त्याहून बरंच जास्त वेळ ठेवा. एक वेल ग्लुटराल्डिहाइड न घालता, बाकी सगळं तसंच. हा कंट्रोल नसेल तर पुढचं काहीच सिद्ध होत नाही.

पाण्याची परीक्षा

यात मला आजही तेवढीच मजा येते. काचेच्या स्लाइडवर ५ मायक्रोलिटर साधं शुद्ध पाणी ठेवा, लूपने (टोकाला बारीक फास असलेली काडी) एक क्रिस्टल उचलून त्यात सोडा आणि मायक्रोस्कोपवरून नजर हलवू नका. न बांधलेला लायसोझाइमचा क्रिस्टल असेल तर आधी कोपरे गोल होतात, मग कडा पुसट होतात, साखर विरघळताना पाण्यात ज्या तरंगत्या रेषा दिसतात तशा रेषा त्याच्याभोवती दिसतात, आणि बघता बघता तो नाहीसा होतो. नीट बांधलेला क्रिस्टल मात्र तसाच पडून राहतो, कोपरे टोकदार, कडा काळ्या आणि स्पष्ट, अर्ध्या तासाने बघा तरी तोच.

आणि मधली अवस्था पण ओळखायला शिका. कधीकधी क्रिस्टलची बाहेरची आकृती राहते पण आतून तो पोकळ, धुरकट होतो, जणू पारदर्शक कवच. म्हणजे वरचा थर बांधला गेला आणि आतला भाग सुटून गेला, अजून वेळ हवा किंवा छोटा क्रिस्टल हवा. कधी समांतर चिरा पडतात पण तुकडे विरघळत नाहीत, म्हणजे गाठी बसल्यात पण ताण आलाय. आणि कधी क्रिस्टल स्पष्ट पिवळा दिसतो आणि लूपने ढकलला की काचेसारखा टचकन मोडतो. तो जास्त झालेला. ज्या वेळेला क्रिस्टल पाण्यात पहिल्यांदा पूर्ण टिकला तीच तुमची वेळ, तिच्यापुढे सुरक्षितता म्हणून दुप्पट करायची नाही. खऱ्या प्रोटीनवर तर पाण्यात टिकण्याचीही गरज नसते, तुमच्या सोकिंग सोल्युशनमध्ये टिकला की बास.

अजून पक्कं करायचं असेल तर दोन-चार क्रिस्टल धुऊन एसडीएसच्या (प्रोटीन उलगडणारा डिटर्जंट) बफरमध्ये उकळा आणि जेलवर चालवा. न बांधलेल्याची १४ किलोडाल्टनला एक पट्टी येते, अर्धवट बांधलेल्याची २८, ४३ अशी शिडी दिसते, आणि पूर्ण बांधलेला क्रिस्टल बफरमध्ये नीट विरघळतही नाही, वेलच्या तोंडाशीच अडकतो. याच जेलवर जुने, न बांधलेले क्रिस्टल पण एकदा चालवून बघा. जुन्या पीईजीमध्ये (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, क्रिस्टल वाढवायला वापरतात ते) आल्डिहाइड आणि पेरॉक्साइड साठतात आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेले क्रिस्टल कधीकधी आपोआपच थोडे बांधले गेलेले असतात, मग वाटतं आपली वाफ काम करतेय आणि प्रत्यक्षात पीईजीने आधीच काम केलेलं असतं.

धुणं आणि पुढचं काम

वेळ झाली की कव्हरस्लिप उचलून ग्लुटराल्डिहाइड नसलेल्या वेलवर ठेवा, हे हूडमध्येच करा. मग क्रिस्टल ताज्या मदर लिकरच्या दोन-तीन ड्रॉपमधून काढा. पकडीत न सापडलेली मोकळी आल्डिहाइड टोकं क्रिस्टलमध्ये लोंबकळत राहतात आणि तुमच्या लिगँडला अमिनो ग्रुप असेल तर त्यालाच धरून ठेवतात, असा लिगँड मॅपमध्ये (एक्स-रेवरून काढलेला इलेक्ट्रॉनांचा नकाशा) भलत्याच जागी दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. म्हणून धुताना एकदा थोडं ग्लायसिन किंवा ट्रिस असलेल्या मदर लिकरमधून काढा, आधी जे टाळलं ते आता मुद्दाम वापरायचं.

त्यानंतर सोकिंग. बांधलाय म्हणून एकदम पूर्ण ताकदीचं सोल्युशन नको, दोन-तीन पायऱ्या घ्या. क्रायोसाठी पण तसंच, ग्लिसरॉल १० टक्के, मग २०, मग २५, प्रत्येक ठिकाणी मिनिटभर बघा आणि मग लूपमध्ये घेऊन लिक्विड नायट्रोजनमध्ये. जे लोक क्रिस्टल घेऊन इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनच्या (प्रखर एक्स-रे देणारं यंत्र) प्रोटीन क्रिस्टलोग्राफी बीमलाइनवर जातात, बीएआरसीने उभारलेली, पीएक्स-बीएल२१ म्हणतात तिला, त्यांनी निघायच्या आधी लॅबच्या एक्स-रे मशीनवर निदान एक बांधलेला आणि एक न बांधलेला क्रिस्टल बघूनच निघावं. बीमटाइम मिळायला वाट बघावी लागते आणि तिथे जाऊन कळायला नको की सगळे क्रिस्टल जास्त झालेत.

बघायचं काय? रिझोल्युशन कमी झालं का, डाग लांबट, पुसट झाले का म्हणजे मोझॅसिटी वाढली का, आणि युनिट सेल (क्रिस्टलमध्ये पुन्हापुन्हा येणारा सगळ्यात लहान चौकट-डबा) बदलला का. टेट्रागोनल लायसोझाइमचा सेल साधारण ७९, ७९, ३८ अँगस्ट्रॉम असतो, बांधल्यावर थोडा फरक पडला तर चालतं, पण मोझॅसिटी खूप वाढली असेल तर वेळ कमी करा, ब्रिजवरचं प्रमाण ५ वरून २ मायक्रोलिटर करा, नाहीतर ग्लुटराल्डिहाइड पाण्याने पातळ करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तिन्ही एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

वाफेने अजिबातच जमत नसेल, समजा प्रोटीनमध्ये लायसिन फारच कमी आहेत, तर ईडीसी आणि सल्फो-एनएचएस ही जोडी बघा, ती कार्बॉक्सिल आणि अमिनो ग्रुप थेट जोडते, मध्ये साखळी ठेवत नाही, त्यामुळे दोन ग्रुप खूप जवळ असावे लागतात. बीएस-३ नावाचा क्रॉसलिंकर पण लायसिनच पकडतो पण त्याची लांबी ठरलेली असते. ही दोन्ही सोल्युशनमधून द्यायची, वाफेतून नाही, म्हणून अगदी कमी प्रमाणापासून सुरुवात करा. ग्लुटराल्डिहाइड पण काहीजण थेट मदर लिकरमध्ये ०.१ टक्का वगैरे मिसळून देतात, दणकट क्रिस्टलला चालतं, नाजूकला नाही.

स्ट्रक्चर सोडवताना लायसिनच्या टोकाशी मॅपमध्ये अर्धवट, ओळख न पटणारी डेन्सिटी दिसली तर तिथे उगाच पाणी भरत बसू नका, ते ग्लुटराल्डिहाइडचे उरलेले तुकडे असू शकतात, साखळ्या वेगवेगळ्या लांबीच्या असल्यामुळे ते क्वचितच स्वच्छ दिसतात. आणि स्ट्रक्चर पीडीबीमध्ये (प्रोटीन स्ट्रक्चरचा जागतिक साठा) जमा करताना आणि पेपरच्या मेथड्समध्ये क्रॉसलिंकर कुठला, किती टक्के, किती मायक्रोलिटर, किती मिनिटं, कुठल्या तापमानाला, धुतलं कशाने हे सगळं लिहा, नुसतं 'ग्लुटराल्डिहाइडने क्रॉसलिंक केले' एवढ्यावर सोडू नका, कारण पुढचा माणूस तेच प्रोटीन घेऊन बसेल तेव्हा त्याला नेमके तेच आकडे लागणार आहेत.